हातानं खोटं बोलायचं नसतं

ये गं, अशी जवळ येऊन बस. दर रविवारी फोन करतेस, "आजी, जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते मग," झालं तुझं. मी "हो बाळ" म्हणेपर्यंत तिकडं तुझं दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं. आजीशी बोलायची ही काय रीत झाली? दीड वर्षात या घराच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीस. पुण्याहून सकाळी गाडीत बसलीस तर दुपारच्या भाकरीला सोलापुरात असशील. रागवत नाही मी. तुझ्यावर रागवायचा हक्क मला उरलाय की नाही, तेच तर सांगायचंय, आणि फोनवर ते तोंडातून निघत नाही. चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली तेच सांगत बसले. म्हणून वहीत लिहितेय. माझी शाळा तिसरीतच सुटली, पुढचं सगळं लिहिणं-वाचणं मी तुझ्या पुस्तकांवरून शिकले, तेव्हा चुका निघाल्या तर अर्ध्या तुझ्या.

यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण मला पहिल्यापासून धरल्याशिवाय सांगता येत नाही. तेवढं ऐकून घे.

तुझा आज्जा चाळीस वर्षं मागावर होता. चादरीचे माग, पत्र्याची शेड, आणि आत असा खडखडाट की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येऊ नये. मी घरी सुताच्या कांड्या भरायची आणि टोपलीतनं तिथं नेऊन द्यायची. पाच मिनिटांत माझं डोकं उठायचं. तिथले लोक तोंडानं बोलतच नसत. कुणी घरी तेलुगू बोलणारा, कुणी दखनी, कुणी आमच्यासारखा सांगोल्याकडनं आलेला, पण मागापुढं उभं राहिलं की सगळ्यांची भाषा एकच, हाताची. दोन्ही हातांची बोटं टोकाला जुळवून झटकन लांब केली की धागा तुटला. अंगठ्यावर बोट चोळलं की गाठ मारतोय. तळहात पुढं सरकवला की माग चालू. अंगठा तोंडाशी नेला की चहा, आणि मिशीला पीळ दिला की मालक आला, मान खाली घाला.

आणि एक नेम होता. हातानं खोटं बोलायचं नाही. तोंडानं हवं तेवढं बोला, बायकोला सांगा, मुकादमाला सांगा. पण हातानं नाही. कारण एकदा एका नव्या माणसानं गंमत म्हणून पलीकडच्याला तळहात सरकवून दाखवला, चालू कर म्हणून. त्यानं चालू केला. तिसऱ्याचा हात तेव्हा मागात होता. त्याची दोन बोटं गेली. तुझा आज्जा हाताची भाषा कुणालाही शिकवायला बसला की आधी ही गोष्ट सांगायचा. तुलाही पाचवीत असताना सांगितली होती, आणि तू जेवता जेवता ताट सारलं होतंस.

पाचवीत तू आमच्याकडं आलीस. तुझा बाप माळशिरसच्या बाजूला साखर कारखान्यावर, तिथनं चांगली शाळा लांब, म्हणून तू आमच्याकडं. तोवर आज्जाच्या कानांनी राम म्हटला होता, आणि छातीत चाळीस वर्षांचा कापूस बसला होता. घरात आम्ही दोघं हातानंच बोलायचो. दोन महिन्यांत तू माझ्यापेक्षा भराभर बोलायला लागलीस. मला तर वाटायचं तुम्ही दोघं माझ्या पाठीमागं माझीच चेष्टा करताय. करत होताच की.

मग ते यंत्राचं आलं. तू डिप्लोमाला गेलीस आणि एका सुट्टीच्या दुपारी फोन टीव्हीला जोडलास. पाण्याच्या टाकीएवढं उंच यंत्र, त्याच्या छातीत बसलेली पंधरा वर्षांची पोरगी, आणि समोर तसलीच दुसरी यंत्रं. धडाधड मारामारी. मी म्हटलं, "एवढी घोडी झाली तरी कार्टून बघतीस होय गं?"

"आजी, कार्टून नाही, ॲनिमे."

"बरं. मग ते ॲनिमे बघता बघता लसूण सोल."

आज्जा मात्र खुर्ची ओढून पुढं बसला. त्याला आवाजाची गरजच नव्हती. यंत्राचे सांधे कसे फिरतात ते तो बघत होता. पहिल्याच दिवशी त्यानं नाक मुरडलं. ऐकू येत नसल्यानं तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा. "एवडं मोटं मशीन आन् तेल घालायला एक मानूस दिसत न्हाय. दोन दिवसांत जाम हुईल की ह्ये."

तू हसत हातानं म्हणालीस, थांब, येईल. आणि दुसऱ्या भागात तो आला खरा. पांढऱ्या मिशांचा म्हातारा मिस्त्री, हातात लांब पाना. त्या पोरीला कुणी नव्हतं, लढाईत सगळे गेलेले, त्या म्हाताऱ्यानंच तिला वाढवलेली. ती यंत्रात बसली की तो छातीवरचे बोल्ट स्वतः आवळायचा आणि वर पान्यानं दोनदा ठोकायचा. आतनं ती दोनदा ठोकायची. मगच यंत्र उठायचं. आज्जानं मांडीवर थाप मारली. "ह्यो माजा मानूस."

तिथनं पुढं आमच्या घरात त्या मालिकेशिवाय सुट्टी गेली नाही. जपानी बोलणं, खाली इंग्रजी अक्षरं, आणि तू ते सगळं मागाच्या भाषेत आज्जाला सांगायचीस. शत्रूचा राजा आला की मिशीला पीळ. यंत्राचा हात तुटला की धागा तुटला. म्हातारा तो बसवायला लागला की गाठ मारतोय. एवढी मोठी लढाई तू चादरीच्या मागावर बसवून दाखवलीस, आणि ती आम्हाला कळली. त्या पोरीची खूण तू दोन बोटांनी केलीस, हवेत शिडी चढल्यासारखी. आज्जानं तीच खूण तुला लावून टाकली. बाजारातनं येताना दारातनं विचारायचा, दोन बोटं हवेत चढवून: कुटं हाय ती?

पुढं तू शिकायला पुण्याला गेल्यावर सुट्टीला यायचीस तेव्हाच पुढचे भाग. एकटीनं पुढचं बघायचं नाही असं तुमचं दोघांचं ठरलेलं. मधल्या काळात आज्जा माझ्याशी त्या म्हाताऱ्याबद्दल बोलायचा, जणू तो पलीकडच्या गल्लीत राहतो. त्याचा गुडघा दुखतो बहुतेक, जिना चढताना धरून चढतो, बघितलंस का? मी म्हणायची, तुमचा दुखतो तो बघा आधी.

त्या दिवाळीच्या सुट्टीत तेविसावा भाग लागला. तो आता नीट आठव.

पोरगी लांब समुद्राकाठी लढायला गेलेली, आणि इकडं तळावर हल्ला झाला. छपराचा तुकडा म्हाताऱ्यावर पडला. त्याला झोपवलंय, जवळ पाना आहे, आणि तो एकच सांगतोय, पोरीला बोलवा. सेनापती दारात उभा. त्याला कळतंय की पोरगी परत फिरली तर लढाई गेली. वायरलेसवर तिनं विचारलं, मिस्त्री कुठं आहेत, आज बोलले नाहीत. आणि सेनापती म्हणाला, "झोपलेत."

ती लढली. सगळ्यांत मोठी लढाई जिंकली. परत आली तेव्हा लोक हार घेऊन उभे. ती यंत्रातच बसून राहिली, आतनं दोनदा ठोकलं, आणि थांबली. बाहेरनं काही आलं नाही. पुन्हा ठोकलं. मग स्वतःच खाली उतरली, भिंतीला टेकवलेला पाना बघितला, आणि हार घेतलेल्या माणसांच्या मधनं सरळ चालत गेली. त्या भागापासनं मालिकाच पालटली, तू म्हणालीस. बावीस भाग ती सांगतील तिथं लढत होती. तेविसाव्यानंतर तिनं कुणाचं ऐकलं नाही.

टीव्ही बंद करून तू लाल डोळ्यांनी म्हणालीस, "सेनापतीनं तिला सांगायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर हरली असती की. किती माणसं मेली असती."

आज्जानं विचारलं, ही काय म्हणते? तू हातानं सांगितलंस. तो माझ्याकडं बघून मोठ्यांदा म्हणाला, "सांगायला पायजे हुतं. लडाई काय, परत लडता येती."

मग तू माझ्याकडं वळलीस. "आजी, तू त्या सेनापतीच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मी? अगं, तव्यावर भाकरी आहे माझी," म्हणून मी उठले. तव्यावर भाकरी नव्हती. तेव्हा मला ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं होतं.

पुढचा उन्हाळा. तुझं शेवटचं वर्ष, वैशाखाचं ऊन, आणि तुझे पेपर सुरू. गुरुवारी आज्जाला धाप लागली ती थांबेना. दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरसवदा होते पण चांगले होते, मला बाकावर बसवून सांगितलं, आजी, छातीत काही राहिलेलं नाही, आठवडा समजा, भेटायला बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. तुझा बाप म्हणाला, पोरीला फोन लावतो. मी त्याच्या हातातला फोन घेतला. म्हटलं, तिचे चार पेपर राहिलेत, पुढच्या गुरुवारी संपतात. तोवर तिला कुणी काही सांगायचं नाही. तुझी आई म्हणाली, "आत्याबाई, तिला कळलं तर?" मी म्हटलं, मी बघते. घरात माझा शब्द चालतो, तुला माहीत आहे. कुणी फोन लावला नाही.

रविवारी मी आंघोळीला घरी आले होते आणि तेवढ्यात तुझा फोन आला, चेहरा दिसतो तसला. मी फोन डब्याला टेकवून समोर बसले. तू म्हणालीस, आज्जाला दाखव. मी म्हटलं, "झोपलेत."

शब्द निघून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. तू माझ्याकडं निरखून बघितलंस आणि म्हणालीस, "आजी, तोंडानं नको. हातानं सांग."

मी हात वर केले. बोटं जुळवली, लांब केली. धागा तुटलाय. मग अंगठ्यावर बोट चोळलं, गाठ मारली. मग तळहात पुढं सरकवला. चालू आहे.

तू हसलीस. "मग ठीक. त्याला म्हणावं चोविसावा भाग गुरुवारी रात्रीच बघायचा, मी संध्याकाळच्या गाडीनं निघते." आणि अभ्यासाला गेलीस. मी किती वेळ हात मांडीवर घेऊन बसले होते. ते हात माझे वाटत नव्हते.

इथवरचं बहुतेक तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

मी तशीच दवाखान्यात गेले. आज्जाच्या तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. पण हात मोकळे होते. मला बघितल्याबरोबर त्यानं दोन बोटं हवेत चढवली, शिडीसारखी. मग हात आपल्याकडं ओढला. तिला बोलव.

मी हातानं म्हटलं, परीक्षा. गुरुवार.

त्यानं मान हलवली, नाही. बोटं जुळवली, लांब केली. धागा तुटला. आणि गाठ मारली नाही. दोन्ही हात तसेच लांब धरून ठेवले, मला नीट दिसेपर्यंत. चाळीस वर्षं त्याच्या हाताची भाषा वाचलेली बाई मी, मला कळायला काही राहिलं नाही. मी त्याचे ते हात धरून खाली ठेवले आणि चादर वर ओढली.

सोमवारी त्यानं पुन्हा ती शिडी चढवली. मंगळवारी एकदाच, अर्धी. त्यानंतर हात उचलला नाही, नुसता दाराकडं बघत राहिला. दार उघडलं की बघायचा, नर्स असायची. बुधवारी दुपारी गेला.

तुझ्या बापानं फोन केला. तू गुरुवारचा पेपर टाकून निघालीस, तो नंतर सहा महिन्यांनी दिलास. ज्या पेपरासाठी मी हे सगळं केलं तो पेपरही मी तुला देऊ शकले नाही. संध्याकाळी आलीस, तुझ्यासाठी सगळे थांबले होते. तू आज्जाचा हात हातात घेऊन बसलीस आणि वर बघून विचारलंस, "कधीपासनं?"

तुझ्या आईनं सांगितलं, गुरुवारपासनं. तू माझ्याकडं बघितलंस. अंगणात सगळी गल्ली उभी. माझ्या तोंडातनं निघालं, "तुझ्या आज्जानंच सांगितलं, पोरीला सांगू नका म्हणून."

तू त्याचा हात सोडलास.

मला ते अजून दिसतं. तू तो हात अलगद खाली ठेवलास आणि आपले हात ओढणीला पुसलेस. तेराव्यापर्यंत राहिलीस, सगळं केलंस, माझ्या डोक्याला तेल लावून दिलंस. जाताना एवढंच म्हणालीस, "तोच म्हणाला होता ना आजी, सांगायला पाहिजे होतं म्हणून. स्वतःच्या वेळी मात्र सेनापती झाला." मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. मेलेल्या माणसाच्या अंगावर माझं खोटं टाकून मी दीड वर्ष तुझे रविवारचे फोन घेतले. तू त्याचं नाव काढत नाहीस. त्याचा फोटो पाठवते म्हटलं तर विषय बदलतेस. घरी येत नाहीस, कारण इथं त्याची खुर्ची आहे.

का केलं, म्हणशील. कारण आहे, पण त्यानं मी सुटते असं समजू नको. मी तिसरीत होते तेव्हा आमच्या गावात दोन वर्षं पाऊस नव्हता. आई आजारी पडली. मी पाढे म्हणत होते आणि चुलता शाळेच्या दारात येऊन उभा राहिला, चल म्हणाला. मी पाटी तिथंच ठेवून गेले, परत येईन म्हणून. ती पाटी परत दिसली नाही. मला उभा जन्म एकच वाटत आलं, की त्या दिवशी मला बोलवायला नको होतं. म्हणून तुला कुणी वर्गाच्या दारातनं हाक मारायची नाही, एवढं मी डोक्यात घेऊन बसले होते.

पण हे लिहिताना एक गोष्ट आठवली, जी मी कधी हिशेबातच धरली नव्हती. शाळा गेली, पण आई मला चार दिवस मिळाली. तिनं माझी वेणी घातली होती, पडल्या पडल्या. एक बाजू सैल, एक घट्ट. ती वेणी मी सोडू देत नव्हते. आज पंच्याहत्तरीला आले, पाढे सगळे विसरले, ती वेणी कुठं घट्ट होती ते सांगता येईल. तुझ्याजवळचे तसले चार दिवस मी काढून घेतले. आणि त्याच्याजवळचेही.

तर आता ऐक. आज्जानं तुला बोलावलं होतं. तीन वेळा. तो सेनापती नव्हता, तो तुझा तोच मिस्त्री होता, आतनं ठोकतील म्हणून वाट बघत पडलेला. दारात उभी राहिलेली मी होते. तुला रागवायचं असेल तर त्याच्यावरचा राग उचल आणि माझ्यावर ठेव, मला पेलेल. नाही पेलला तरी ठेव.

पलीकडच्या घरातली सून म्हणत होती, आजी, ते यंत्राचं मी लावून देते की, पुढचं काय झालं ते बघा. मी नको म्हटलं. तू पण पुढचं बघितलेलं नाहीस, तुझ्या आईनं सांगितलं मला. चोविसावा भाग तिघांचा ठरलेला होता. आता दोघींचा बघायचा की तुला एकटीनंच बघायचा, की कधीच नाही, ते तू ठरव. त्या पोरीनं पुढं सेनापतीचं काय केलं ते मला माहीत नाही, आणि खरं सांगते, जाणून घ्यायची भीती वाटते.

वही तुझ्या बापाबरोबर पाठवतेय. वाचून फोन करू नकोस, फोनवर मी पुन्हा मांजरीचं सांगत बसेन. भांडायचं असेल तर इथं येऊन भांड. तुझ्यासमोर बसून मी ते सगळं पहिल्यापासनं हातानं सांगेन, त्यानं जसं दाखवलं तसं, गाठ न मारता. खुर्ची पुसून ठेवलीय. तिच्यावर बस, नाहीतर खाली माझ्याजवळ बस. ये बाळ, या महिन्यातच ये.